रोबोट आणि उंबरठा

प्रश्न : माझी ७८ वर्षांची आई वाईला जुन्या घरात एकटी राहते आणि मी कॅलिफोर्नियात असतो. तिला कमी ऐकू येते. व्हिडिओ कॉल घेताना बोट भलतीकडेच लागते आणि मला बहुतेक वेळा छताचा पंखा दिसतो. चाकांवर फिरणारा रोबोट तिच्याजवळ ठेवावा का?

उत्तर : आपण म्हणता त्याला टेलिप्रेझेन्स रोबोट म्हणतात. चाकांच्या बैठकीवर उभा दांडा आणि त्याच्या टोकाला पडदा व कॅमेरा, अशी त्याची साधारण रचना असते. अमेरिकेतील ‘डबल’ या रोबोटच्या पहिल्या आवृत्तीत तर पडद्याच्या जागी आयपॅडच बसवावा लागे. दूरचा माणूस तो स्वतः चालवत असल्याने आईंना फोन हातात धरावा लागत नाही, ही त्याची खरी सोय आहे आणि पंख्याची तक्रार तिथेच मिटते. मात्र ही चाके सपाट जमिनीसाठी असतात. जुन्या घराचे उंबरठे त्यांना ओलांडता येत नाहीत, त्यामुळे रोबोट एकाच खोलीत अडकेल. शिवाय वाय-फाय खंडित झाले की तो आहे तिथेच थांबेल.

यापेक्षा नाजूक प्रश्न संमतीचा आहे. कॉल न उचलताही रोबोट सुरू होईल अशी सोय करून ठेवली, तर आई केस विंचरत असताना किंवा शेजारणीशी मनातले बोलत असताना मुलगा अचानक खोलीत उभा राहील, आणि भारतातली घड्याळे आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असल्याने ही वेळ चुकणे अगदी सोपे आहे. म्हणून त्यांनी होकार दिल्यावरच रोबोट जागा व्हावा. संकटकाळी काय करायचे ते त्यांच्याशी बोलून आधीच ठरवावे.

रोबोट फिरलाच पाहिजे असेही नाही. जपानमध्ये २०१५ साली आलेला ‘बोक्को’ एका जागी बसून राहतो; घरच्या माणसाने बटण दाबून बोललेला निरोप तो कुटुंबीयांच्या मोबाइलवर पोहोचवतो, आणि तिकडून लिहून आलेला निरोप वाचून दाखवतो. दोघांनी एकाच वेळी जागे असण्याची गरज न ठेवणारी ही कल्पना मला आपल्या घरासाठी अधिक योग्य वाटते. अर्थात मराठी उच्चार नीट होतात का, हे असे कोणतेही उपकरण घेण्यापूर्वी पाहावे लागेल.

पण त्याआधी आईंची श्रवणचाचणी करून घ्यावी. गरज असल्यास श्रवणयंत्राचा खर्च आधी करावा, कारण ऐकूच येत नसेल तर रोबोट कितीही जवळ आला तरी उपयोग नाही.