विस्मृतीच्या चाचण्या घेण्याचे काम : एका पालकांच्या पत्रास उत्तर

पत्र : माझी मुलगी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकते. मेंदूज्वरानंतर तिच्या आजीच्या लक्षात नवे काही राहत नाही. आजीच्या चाचण्या चालू असताना ती शेजारी बसली होती. तेव्हापासून हेच काम करायचे म्हणते. यात भवितव्य आहे का? – एक पालक, राजारामपुरी

स. न. वि. वि.

भवितव्य आहे, मात्र वाट लांबची आहे. आजीवरची माया हे या वाटेला लागण्याचे चांगले कारण असले, तरी कामाचे स्वरूप मुलीने आधी नीट समजून घ्यावे.

‘आठवण गेली’ असे आपण सहज म्हणतो. ती नेमकी कुठे अडली, हे चाचणी घेणाऱ्याला शोधायचे असते. एका प्रचलित चाचणीत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द रुग्णाकडून ऐकतात. मग वीस ते तीस मिनिटे आकृत्यांची कामे देतात, कारण मध्ये शब्दांचे काम दिले तर यादीशी सरमिसळ होते. त्यानंतर यादी विचारली, की तीव्र विस्मृतीचा रुग्ण ‘कसली यादी?’ असे विचारू शकतो. तेच शब्द इतर शब्दांत मिसळून दाखवल्यावर त्याने ओळखले, तर साठवण झाली आहे, शोधून काढणे जड जाते आहे. तेही ओळखले नाहीत, तर साठवणच झाली नसावी. घरच्यांनी आठवण करून द्यायची की सगळे लिहूनच ठेवायचे, हे बरेचसे या फरकावर ठरते.

काय शाबूत आहे, हे शोधणे मला याहूनही मोलाचे वाटते. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता जवळपास संपली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्यांच्या चुका घटत गेल्या; आपण हे पूर्वी केले आहे, हे मात्र त्यांना आठवत नव्हते. हाताचे कौशल्य आणि प्रसंगांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळली जाते, हे अशा चाचण्यांतून उमगले.

आपल्या भागात आणखी एक जबाबदारी येते. गडहिंग्लजकडच्या ज्या आजींनी उभ्या आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्यांना गुंतागुंतीची आकृती जमली नाही म्हणून मेंदूला इजा झाली असे म्हणता येत नाही. गुणांची तुलना त्याच वयाच्या, तेवढ्याच शिक्षणाच्या माणसांशी व्हावी लागते. तसेच वॉर्डातला रुग्ण ‘आत्ताच गुळाचा सौदा आटोपून आलो’ असे खात्रीने सांगत असेल, तर तो खोटे बोलत नसतो. मेंदू रिकामी जागा भरत असतो, आणि हे ओळखायला सराव लागतो.

बी.ए.नंतर एम.ए. आणि त्यापुढे क्लिनिकल सायकॉलॉजीचे, म्हणजे रुग्णांच्या मानसिक तपासणी-उपचारांचे, भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण, असा हा क्रम आहे. परिषदेच्या नोंदणीशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून व्यवसाय करणे १९९२ च्या कायद्याने गुन्हा ठरतो. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या (मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) संस्थेची प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून मुलीने आतापासून संख्याशास्त्र पक्के करावे. तो विषय टाळणाऱ्या मुलांना पुढे चाचणीचे गुण मांडता येतात, त्यांचा अर्थ लावता येत नाही.