उत्तर: एस११ उत्तम, तरी ८५० ला पॉवर बाहेर पडत नाही

तुमची पोस्ट वाचली आणि आकडे पाहताच दुखणं ओळखीचं वाटलं. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: मोबाइल फोनचा १०८ × ५२ मिमीचा बोर्ड, तळाशी प्लॅस्टिक कॅरिअरवर चिकटवलेला फ्लेक्स अँटेना, व्हीएनएवर (अँटेनाची मोजणी करणारं उपकरण) ८५० मेगाहर्ट्झला एस११, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, उणे १४ डीबी. पण टेस्ट लॅबमध्ये बँड ५ चा (८५०) टीआरपी, म्हणजे सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारी पॉवर, जेमतेम १३ डीबीएम, बँड ३ (१८००) आणि ४० (२३००) मात्र ठीकठाक. लॅबचा शेरा: 'अँटेना बदला'.

अँटेना एवढ्यात बदलू नका. तुमचं ड्रॉइंग मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं आकड्यांवरून बांधलेला अंदाज समजा. पण माझा संशय अँटेनापेक्षा तुमच्या मोजमापाच्या केबलवर जास्त आहे.

आधी हिशेब बघा. एलटीईचा फोन २३ डीबीएम देतो. या आकारात लो बँडची (८५०-९००) एकूण एफिशियन्सी, म्हणजे दिलेल्या पॉवरपैकी बाहेर पडणारा वाटा, उणे ४ ते ५ डीबी मिळाली तरी टीआरपी १८-१९ यायला हवा. तुमचे १० डीबी गायब आहेत. एस११ उणे १४ म्हणजे परत फिरणारी पॉवर ४ टक्के, त्यातला तोटा ०.२ डीबीसुद्धा नाही. म्हणजे उरलेली पॉवर आत जाऊन उष्णतेत संपते आहे, किंवा तो उणे १४ मुळात तुमच्या फोनचा नाहीच. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं असतं, पण तपास दुसऱ्या शक्यतेपासून सुरू करा. फीडवर (जिथून अँटेनाला पॉवर मिळते तिथे) अँटेनाऐवजी ५० ओमचा रेझिस्टर लावला तरी एस११ झकास दिसतो आणि बाहेर काहीच पडत नाही, हे व्हीएनए समोर असताना लोक हमखास विसरतात.

पीफा, आयएफए, मोनोपोल या अँटेनाच्या प्रकारांतले फरक तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देतो. खरा मुद्दा असा की ८५० ला तरंगलांबी सुमारे ३५३ मिमी आहे. तुमचा बोर्ड त्याच्या ०.३ पट. एवढ्या लहान गोष्टीत तळाची ती फ्लेक्सची पट्टी स्वतः फारसं प्रसारण करत नाही, ती बोर्डाच्या ग्राउंडमध्ये करंट उठवते आणि प्रसारण करतो तो बोर्ड. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पेर्ती वाइनिकाइनेन यांच्या गटाने २००२ मध्ये हेच मांडलं: ९०० च्या आसपास बहुतांश काम चॅसी (बोर्डाचं ग्राउंड) करते, अँटेना म्हणजे तिला जोडणारा कपलर. तुमच्या लांबीच्या बोर्डाचा अर्ध्या तरंगाचा रेझोनन्स सव्वा गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ८५० ला बोर्ड मुळातच आखूड पडतो. १८०० आणि २३०० ला पट्टीचा स्वतःचा वाटा वाढतो, म्हणून तुमचे बँड ३ आणि ४० तक्रार करत नाहीत.

आता त्याच बोर्डाला तुम्ही मोजमापासाठी मीटरभर कोॲक्स केबल जोडली. तिचं बाहेरचं शील्ड बोर्डाच्या ग्राउंडला सोल्डर केलं की करंटच्या दृष्टीने बोर्ड लांब झाला. रेझोनन्स खाली आला, बँडविड्थ वाढली, एस११ सुरेख दिसू लागला. तुम्ही पट्टीची लांबी आणि मॅचिंग (अँटेना रेडिओशी जुळवणारे सुटे भाग) त्या लांबलेल्या बोर्डासाठी बसवलं. केबल काढल्यावर फोनचा रेझोनन्स वर ९०० पलीकडे सरकून बसला असेल तर मला अजिबात नवल वाटणार नाही. या कामात सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, कारण ती शेवटच्या लॅब टेस्टपर्यंत दिसत नाही. तोवर मोल्ड कापून झालेला असतो.

खात्री करायला काही खर्च नाही. व्हीएनए चालू ठेवा, फोनपासून १०, २०, ३० सेंमीवर केबल मुठीत घट्ट धरा आणि ८२४ ते ८९४ चा ट्रेस बघा. हात सरकवताना एस११चा खड्डा जागचा हलला किंवा उथळ-खोल होऊ लागला, तर केबल प्रसारण करते आहे. ५ मेगाहर्ट्झपेक्षा जास्त हालचाल दिसली की मी ते मोजमाप मोडीत काढतो.

केबल बांधायची पद्धत अशी. १.१३ मिमीची मायक्रो कोॲक्स किंवा पातळ सेमी-रिजिड घ्या. फीडजवळ शील्ड ग्राउंडला लावा, मग ती बोर्डाला चिकटूनच आणत जागोजागी सोल्डर करा आणि लांब कडेच्या बरोबर मध्यातून काटकोनात बाहेर काढा. आखूड कडेतून, बोर्डाच्या लांबीच्या दिशेने तर कधीच नाही. तिथे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं आणि केबल सरळ बोर्डाचा पुढचा भाग बनते. बाहेर पडताक्षणी तीन-चार फेराइट रिंग लावा, किंवा ८५० साठी साधारण ८८ मिमीची पितळी नळी केबलवर चढवा, आत हवा ठेवून. नळीचं फोनकडचं टोक उघडं आणि लांबचं टोक शील्डला शॉर्ट, उलट नको. फेराइट शील्डवरची पॉवर खाऊन टाकतात, त्यामुळे एस११ साठी ते चालतात, पण एफिशियन्सीचा आकडा त्यांच्यामुळे कमी दिसतो. नळी खात नाही, पण ती एकाच बँडपुरती. कॅलिब्रेशननंतर पोर्ट एक्स्टेन्शन (व्हीएनएचा मोजण्याचा बिंदू पुढे सरकवणं) केबलच्या उघड्या टोकापर्यंत द्या. रेडिओकडचा सीरिज ० ओमचा रेझिस्टर काढायला विसरू नका, नाहीतर ट्रॅकचा तो तुकडा स्टब म्हणून लटकत राहतो.

इतकं करूनही शेवटचा निर्णय एस११ वर घेऊ नका. हँडसेटमध्ये उणे ६ डीबी पुरे धरतात, त्यात २५ टक्के पॉवर परत येते, म्हणजे सव्वा डीबीचा तोटा. उणे ६ चे उणे १४ करण्यासाठी आठवडाभर झटून जास्तीत जास्त एक डीबी हाती लागतो. तोच वेळ एफिशियन्सीवर घालवा. त्यासाठी केबलविना मोजा: फोन स्वतःच्या बॅटरीवर, अनएकोइक चेंबरमध्ये (भिंतींवरून लहरी परत न येणारी खोली), कम्युनिकेशन टेस्टरला (नेटवर्कची नक्कल करणारं उपकरण) हवेतून जोडलेला, खालच्या, मधल्या आणि वरच्या चॅनेलवर. त्याच चॅनेलची कंडक्टेड पॉवर (अँटेनाला मिळणारी) टेस्ट कनेक्टरवर मोजून टीआरपीतून वजा करा. आणि त्या वेळी यूएसबीची केबल लावलेली नको! लॉग घेण्यासाठी सॉफ्टवेअरवाले ती लावून ठेवतात आणि पुन्हा तीच बोंब: बोर्ड लांबतो, आकडा खोटा येतो. लॉग फोनमध्येच साठवा.

आता लॅबविषयी. नाव घेत नाही, पण पूर्ण फी घेऊन एका पानावर एक आकडा आणि 'नापास' एवढंच हातावर ठेवणाऱ्या लॅबने आमचा एक अख्खा प्रोजेक्ट लांबवला होता. कोनानुसार डेटा मागितला तर 'आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही'. फोन कसा बसवला होता त्याचा फोटो नाही, कंडक्टेड पॉवर मोजली की नाही याचं उत्तर नाही. मशीन तो डेटा प्रत्येक वेळी काढतंच, तो द्यायला काय जातं? आणि नुसत्या 'अँटेना बदला' या शेऱ्यावर कुणी काय दुरुस्त करायचं? बुकिंगआधीच ईमेलवर लिहून घ्या: थीटा आणि फाय घटक (लहरीची दोन ध्रुवणं) वेगळे, कोनानुसार कच्ची फाइल, तिन्ही चॅनेल, बसवणीचे फोटो, काय काय जोडलेलं होतं त्याची नोंद. नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा, थोडी महाग असली तरी.

हा डेटा खरोखर कामाचा असतो. ८५० ला प्रसारणाचा पॅटर्न बोर्डाच्या लांबीभोवती मेदूवड्यासारखा, दोन्ही टोकांच्या दिशेने नल (जवळजवळ शून्य प्रसारण) असलेला दिसला, तर चॅसी नीट चालते आहे. आकार बरोबर आणि पातळीच खाली, म्हणजे मिसमॅच किंवा उष्णतेतला तोटा. पॅटर्न फाटलेला, लहरी-लहरींचा आला तर कुठलीतरी तार प्रसारण करते आहे.

दुरुस्तीचा क्रम मी असा ठेवीन. आधी पट्टीचीच लांबी जुळवा, मॅचिंगने ओढाताण नंतर. जुळवणी नेहमी पूर्ण बंद केलेल्या केसमध्ये करा. पीसी-एबीएसचं झाकण चढलं की रेझोनन्स काही दहा मेगाहर्ट्झ खाली येतो. फीड मध्यावर असेल तर कोपऱ्यात न्या, चॅसीशी कपलिंग सुधारतं. मोनोपोल किंवा आयएफए असेल तर पट्टीखाली ८-१० मिमी ग्राउंड मोकळं हवं. पीफा असेल तर ग्राउंडपासून ६-७ मिमी उंची द्या, ४ वर आणलीत की बँडविड्थ गेली. मेकॅनिकलवाले प्रत्येक मिलीमीटरसाठी भांडतील, तिथे मागे हटू नका.

मग तोट्याकडे वळा. तुमच्या फोटोत स्पीकर पट्टीच्या खालीच दिसतो. त्याच्या दोन्ही वायरींत स्पीकरपाशीच फेराइट बीड किंवा काही दहा नॅनोहेन्रीची कॉइल टाका, नाहीतर वायरी आरएफ ओढून घेतात. डिस्प्लेची पत्र्याची फ्रेम एकाच जागी ग्राउंड केलेली असेल तर ती स्वतःच रेझोनेट होते, चारही कोपऱ्यांत कंडक्टिव्ह फोमने दाबा. मॅचिंगमधली कॉइल मल्टिलेअर असेल तर त्याच मापाची वायरवाउंड लावून बघा, लो बँडला नुसत्या या बदलाने सुधारणा दिसते. मागच्या झाकणाचा चंदेरी रंग कसला आहे तेही विचारा. धातूचे कण असलेला रंग अँटेनावर नकोच. मेटॅलिक लूक हवाच असेल तर नॉन-कंडक्टिव्ह व्हॅक्यूम मेटलायझेशन मागा आणि रंगवलेलं व कोरं अशी दोन्ही झाकणं मोजून घ्या.

एवढ्याने १३ चे १८ होतील असं वचन मी देत नाही. केबलची भानगड निघाली तर मात्र निम्मी तूट नुसत्या पुन्हा केलेल्या जुळवणीत भरून यावी. आणि टीआरपी वर गेला की एसएआर (शरीरात शोषली जाणारी रेडिओ पॉवर) पुन्हा मोजावाच लागेल. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा १ ग्रॅम ऊतीवर १.६ वॅट प्रति किलो आहे, युरोपच्या १० ग्रॅमवरच्या २ पेक्षा कडक. १३ डीबीएमवर घेतलेला जुना एसएआर रिपोर्ट नव्या अँटेनाला जोडू नका. डावा आणि उजवा गाल, दोन्हीकडून तिन्ही बँड नव्याने मोजून घ्या.