फ्रीज आधी घेऊ की कूलर?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही राळेगाव तालुक्यात राहतो. दोन एकर कोरडवाहू वावर आहे, बाकी मजुरी. घर टिनाचं. सासूबाईंना शुगर आहे, सकाळ-सांज इन्सुलिन लागतं. ते आम्ही शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवतो, पण मागच्या महिन्यात ते लग्नाला गेले आणि दोन दिवस घराला कुलूप होतं. यंदा कापसाचे आणि वेचणीच्या मजुरीचे मिळून 9000 रुपये बाजूला पडले. फ्रीज, कूलर, मिक्सर, सगळंच हवं आहे. यवतमाळला एकजण जुना फ्रीज 4000 ला देतो. दुकानदार म्हणतो, नवा न्या, बिनव्याजी हप्ता करून देतो. काय करू?
(एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर: ताई, फ्रीज घ्या आणि नवा घ्या. मिक्सर आणि कूलर थांबू शकतात, सासूबाईंची सुई थांबू शकत नाही.

फ्रीज येईपर्यंतचं आधी सांगते. न फोडलेली इन्सुलिनची बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. फोडलेली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, पण 25-30 अंशांपर्यंतच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टिनाच्या घरात एवढं कमी तापमान असतं का? म्हणून एका मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडकं बसवा, दोघांच्या मधल्या जागेत रेती भरा, रेती सकाळ-संध्याकाळ भिजवा, वर ओलं फडकं टाका. फोडलेली बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. मडकं सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी हवं. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झरझर उडतं आणि आतला गारवा टिकतो. पावसाळ्यात हीच युक्ती फारशी चालत नाही. तोवर मेडिकलमधून एका वेळी एकच बाटली आणा, आणि फोडलेली किती दिवस वापरायची ते तिथेच विचारून घ्या.

आता तो 4000 चा फ्रीज. मी 27 वर्षं मोटर वाइंडिंग आणि फ्रीज-कूलर दुरुस्ती करते, माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला असे जुने फ्रीज कायम टेकून असतात. जुनं घेऊच नका असं मी म्हणत नाही. मात्र तो किती वीज खातो ते मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. देणाऱ्याच्या घरी बाकी सगळं बंद करून एक दिवस-रात्र फक्त फ्रीज चालवायला सांगा, मीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहून घ्या. दाराचं रबर गेलेला, कॉम्प्रेसर थकलेला फ्रीज दिवसाला 2 युनिट सहज खातो. म्हणजे महिन्याला 60. तुमच्या घरी 75 वॅटचे दोन पंखे 12-12 तास चालतात असं धरलं तर त्यांचे 54, आणि दिव्यांचे दहाएक. झाले 124. महावितरणच्या घरगुती बिलात 100 च्या वरच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट असतो. 180-190 लिटरच्या नव्या एकदारी फ्रीजवर ताऱ्यांचं लेबल असतं, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, बहुतेक दीडशे ते दोनशेच्या आत. 365 ने भागा, दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास येतं. महिन्याला 15. मग तुमचं बिल 79-80 युनिटवर राहतं आणि 100 ची रेघ ओलांडत नाही. 4000 चा फ्रीज दोन वर्षांत नव्याहून महाग कसा पडतो, ते इथे आहे. दुकानात तारे मोजू नका, युनिटचा आकडा वाचा.

तरी जुनाच घ्यायची वेळ आली तर तीन-चार गोष्टी पाहा. दारात दहाची नोट अडकवून ओढा, सरकन निघाली तर रबर गेलं. तीन तास चालवून बर्फाची पेटी पाहा, अर्ध्याच भागावर बर्फ धरला असेल तर गॅस कमी आहे. मागच्या प्लेटवर आर-12 लिहिलं असेल तर हात लावू नका, तो गॅस 2010 पासून आपल्या देशात बंद आहे. आर-600ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, त्याचं काम येणारा कारागीर तुमच्या तालुक्यात आहे का ते आधी विचारा. नव्या फ्रीजलाही हाच प्रश्न लागू आहे. गावापर्यंत दुरुस्तीला कोण येईल, कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो, ते दुकानदाराकडून बिलाच्या मागे लिहून घ्या. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की लाइन डीम होते, म्हणून किती व्होल्टपर्यंत चालतो तेही विचारा.

पैशाचं. नवा साधारण 12-13 हजारांत बसतो, म्हणजे तुम्हाला चारएक हजार कमी पडतात. ते दुकानातल्या बिनव्याजी हप्त्यावर घेऊ नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सांगितलं आहे. व्याज फाइल चार्जमध्ये असतं, नाहीतर रोखीवर मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही त्यात असतं. मजुरीच्या घरात दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात पैसे असतीलच असं नाही, आणि एक हप्ता चुकला की दंड. दुकानदाराला दोनच आकडे कागदावर मागा: रोखीने किती, आणि हप्त्याने सगळं मिळून किती. मग बचत गटात जा. 4000 रुपये शेकडा 2 ने घेतले, दर महिन्याला 400 मुद्दल फेडली, तर दहा महिन्यांत व्याज 440 रुपये होतं. शेकडा 1 असेल तर 220. आणि वेचणीचा पैसा उशिरा आला तर गटातल्या बाया समजून घेतात.

फ्रीज आल्यावर इन्सुलिन मधल्या कप्प्यात, डबीत ठेवा. बर्फाच्या पेटीला टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, ते पुन्हा वितळलं तरी टोचू नका.

मिक्सर मात्र खुशाल जुना घ्या. त्याचे कार्बन बदलता येतात, मोटर पुन्हा वाइंड करता येते, तालुक्याच्या कोणत्याही दुकानात हे काम होतं.

कूलर पुढच्या वर्षी. घ्याल तेव्हा ताटी आणि मोटर पाहायच्या आधी घरातली अर्थिंग पाहा. माझ्या मावसभावाचा पोरगा 14 वर्षांचा होता, चालू कूलरमध्ये ओल्या पायांनी पाणी भरताना गेला. लोखंडी बॉडी, अर्थिंग नाही, तीन पिनच्या प्लगची एक पिन मोडलेली. दर उन्हाळ्यात विदर्भात अशी मरणं होतात. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, मीटरजवळ 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढून हातात घ्यायचा. बटण बंद केलं एवढं पुरत नाही. हे घरातल्या लहान पोरांना रोज सांगा, कंटाळा येईपर्यंत सांगा.

प्रश्न: आठवडी बाजारात पाणी तापवायचा रॉड 150 रुपयांत मिळतो. थंडीत म्हाताऱ्या आईसाठी घेऊ का?
(एक वाचक, जि. गडचिरोली)

उत्तर: त्यावर आयएसआयचा शिक्का आणि खाली परवाना क्रमांक आहे का ते पाहा. फोनवर बीआयएस केअर नावाचं ॲप घ्या, त्यात तो क्रमांक टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. शिक्का नसेल तर घेऊ नका, आईसाठी तर नाहीच. खरा मिळाला तरी लोखंडी बादलीत लावू नका, आणि पाणी तापलं का ते बोट बुडवून बघायचं असेल तर आधी प्लग काढा. 1500 वॅटचा रॉड 20 मिनिटं चालला की अर्धा युनिट जातो. घरी पऱ्हाटी असेल, चूल पेटत असेल, तर स्वयंपाक झाल्यावर उरलेल्या विस्तवावर हंडा ठेवा, तेवढ्यात आईच्या आंघोळीचं पाणी होतं.