‘लिटल जेम’ मॅग्नोलिया: पानामागचा तांबूस थर तांबेरा नव्हे

बुटक्या मॅग्नोलियाबद्दल या वेळी चार प्रश्न आले आहेत. चौघांचंही झाड ‘लिटल जेम’ वाणाचं असल्यामुळे उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न: पानांच्या मागे तांबेरा आलाय. कोणतं बुरशीनाशक फवारू?

कृपया काहीही फवारू नका. तो रोग नाही. या वाणाचं पान वरून गर्द हिरवं आणि चकचकीत असतं, तर खालच्या बाजूला मखमलीसारखी तांबूस लव असते. खात्री करायची तर पान उलटं धरून अंगठा फिरवा. तांबेरा असेल तर बोटाला हळदीसारखी भुकटी लागते. इथे फक्त मऊ लव हाताला जाणवेल. निरोगी झाडावर लोक बुरशीनाशक मारत बसतात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर सर्वांत आधी घेतलं.

प्रश्न: दोन वर्षं झाली, झाड जागचं हलत नाही. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत वाढवू का?

आधी बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करा. खोड जमिनीशी थोडं रुंद होऊन मुळं फुटतात, तो भाग दिसायला हवा. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं असेल तर झाड खोल लागलंय. मॅग्नोलियाची मुळं मांसल, दोरीसारखी असतात आणि बरीचशी वरच्याच थरात पसरतात. त्यांना हवा मिळाली नाही, पाणी साचलं, की ती कुजतात. वरची जास्तीची माती हलक्या हाताने काढा, पण कुदळ लावू नका. तुटलेलं मूळ सावरायला या झाडाला फार वेळ लागतो. याच कारणाने रुजलेलं झाड उपटून दुसरीकडे हलवायचा विचारही करू नये.

नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. जमीन चुनखडीची असेल तर लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. या झाडाला साधारण 5.5 ते 6.5 सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लपणाचं माप) मानवतो. सामू तपासून घ्या. तो जास्त निघाला तर इडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुनखडीच्या मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) वेष्टनावरच्या मात्रेत आळ्यात द्या. नुसता युरिया टाकून हा पिवळेपणा जाणार नाही.

नव्याने लावणाऱ्यांनी खड्डा हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा, खोली मात्र हुंडीएवढीच ठेवावी. पिशवीत गोल फिरलेली मुळं मोकळी करावीत. पालापाचोळ्याचं 5 ते 8 सेंटिमीटर आच्छादन द्यावं, पण ते बुंध्याला चिकटू देऊ नये. पहिली दोन वर्षं माती ओलसर राहील इतपत पाणी द्यावं. ‘बुटका’ शब्दावर जाऊ नका: झाड 6 ते 7 मीटर उंच आणि 3 ते 4 मीटर रुंद होतं. भिंतीपासून निदान 3 मीटर सोडा.

प्रश्न: चाफ्यासारखी फांदी तोडून, सुकवून लावली तर जगेल का?

नाही. तशी जगते ती पांढऱ्या चाफ्याची फांदी, आणि त्याचं कुळ वेगळं. मॅग्नोलियाचा सख्खा भाऊ सोनचाफा. बी लावाल तर रोप येईल, पण ते बुटकंच राहील याची खात्री नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात 1952 साली एकच बुटकं रोप निवडलं गेलं, त्यावरून हा वाण आला. त्याचे गुण हवे असतील तर कलमच घ्या. कलम दोन-तीन वर्षांतच फुलू लागतं. मोठ्या जातीचं बियांचं झाड फुलासाठी दहा-पंधरा वर्षंही थांबायला लावू शकतं.

प्रश्न: छाटणी कधी करू?

शक्यतो करूच नका. या झाडाचे घाव सावकाश भरतात. सुकलेली किंवा एकमेकींवर घासणारी फांदी तेवढी, बहराचा मुख्य भर ओसरल्यावर काढा. उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी पानं पिवळी होऊन गळतात, त्याने घाबरू नका. पान सुमारे दोन वर्षं टिकतं, मग नव्याला जागा देतं.

आणि फूल उमललं की पाकळीला बोट लावू नका. जिथे स्पर्श होतो तिथे काही वेळात तपकिरी डाग उमटतो. वास घ्यायचा तर नाक जवळ न्या; लिंबासारखा मंद सुगंध येईल.