प्रेसबिटेरियन मंडळी ही 'शाखा' नव्हे

प्रेसबिटेरियन हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतला एक गट. मंडळी म्हणजे एका ठिकाणचे त्याचे चर्च, पाळक म्हणजे तिचा धर्मगुरू. त्याविषयी प्रश्न असा आहे: "स्थानिक प्रेसबिटेरियन मंडळी आपला पाळक आपणच निवडते, खर्चही आपणच भागवते. मग ती मोठ्या चर्चची शाखा का म्हणवते? आणि 'डिनॉमिनेशन'ला मराठीत काय म्हणावे?"

ती स्वतःला शाखा म्हणवत नाही, आपण तिला तसे म्हणतो, आणि बातम्यांत हे वाचले की मला दर वेळी त्रास होतो. शाखा बँकेची असते. मुख्य कचेरी आधी, शाखा मागून, आणि मॅनेजर वरून नेमून येतो. प्रेसबिटेरियन व्यवस्थेत यातले काहीच नाही. हे त्या नावातच दिसते, म्हणून आधी नाव.

ग्रीक 'प्रेस्ब्युतेरोस' म्हणजे वडीलधारा. शेवटचा 'तेरोस' हा आपल्या 'उच्चतर'मधला 'तर'. मराठी बायबलमध्ये त्याला 'वडील' म्हटले आहे. इथवर कोणताही कोश सांगेल. खरी मौज 'प्रेस्ब्युस' या मूळ शब्दात आहे. क्रीट बेटावर हाच शब्द 'प्रेइग्युस' असा होता, 'ब'च्या जागी 'ग'. अशा जोड्या ओळखीच्या आहेत: ग्रीक 'बूस', संस्कृत 'गो', ग्रीक 'बाइनो', संस्कृत 'गम्'. 'प्रेस' म्हणजे पुढे, एवढे सगळ्यांना मान्य आहे. पण पुढे कोण? एक पक्ष म्हणतो, पुढे जाणारा, म्हणजे अक्षरशः पुरोगामी. दुसरा म्हणतो, पुढचा बैल, आणि साक्षीला ऋग्वेदातले सूर्येचे विवाहसूक्त (१०.८५) काढतो: 'अग्निरासीत्पुरोगवः'. वरातीच्या पुढे अग्नी चालला, तो पुरोगव. पुरः आणि गो.

मी बैलाच्या बाजूचा आहे. 'गम्'वाल्या विद्वानांना वडीलधाऱ्या माणसाला जनावराचे नाव देणे ओढूनताणून आणलेले वाटते. काळ्या रानात जड लाकडी नांगराला तीन-चार जोड्या जुंपलेल्या त्यांनी पाहिल्या असत्या तर असे वाटले नसते. पुढे जाणती जोडी लागते. तास संपला की ती आधी वळते, मागच्या जोड्या तिच्या अंदाजाने वळतात. नवखा खोंड कधीच पुढे जुंपत नाहीत, मध्ये घालतात. आणि पुढचा बैल मोकळा नसतो, तोही त्याच जुवाखाली असतो, तोच नांगर ओढतो. गुरे राखणाऱ्या समाजाला 'पुढारी' म्हणायचे तर याहून जवळचा शब्द कुठून मिळणार? 'पुढे जाणारा' तर वाट चुकलेलाही असतो.

आता 'मोठ्या चर्च'विषयी. प्रेसबिटेरियन व्यवस्थेत वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा वडीलधारा, एकटा निर्णय घेत नाही. बायबलच्या नव्या करारात पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्यावर हात ठेवले ते वडीलवर्गाने, आणि तिथला ग्रीक शब्द 'प्रेस्ब्युतेरिओन' आहे. प्रेसबिटरी ती हीच: एका भागातल्या मंडळ्यांचे पाळक आणि त्या मंडळ्यांनी पाठवलेले वडील यांची सभा. मंडळी पाळक निवडते, पण त्याला दीक्षा प्रेसबिटरी देते. उमेदवार गुडघे टेकतो आणि सगळे भोवती गोळा होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. ज्यांना तिथवर हात पोचत नाही ते पुढच्याच्या खांद्यावर ठेवतात. दीक्षेनंतर पाळक प्रेसबिटरीचा सभासद असतो, त्या एका मंडळीचा नव्हे. म्हणून गावातल्या एखाद्या वजनदार घराण्याला तो नकोसा झाला तरी त्याला परस्पर घालवता येत नाही, आणि तोच चुकला तर मंडळीला दाद मागायला जागा असते. प्रेसबिटरीच्या वर सिनॉड, त्याच्या वर महासभा, आणि तिथेही बसतात ते पाळक आणि वडीलच. याला आधार नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाचा. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनीही सुंता करावी का, हा वाद अंत्युखिया शहरात पेटला, पण तो तिथे मिटवला नाही. यरुशलेमेत प्रेषित आणि वडील यांच्यापुढे नेला, आणि तिथला निर्णय इतर मंडळ्यांनाही कळवला. 'सिनॉड' म्हणजे 'सोबतचा रस्ता'.

पाळक वरून लादला तर काय होते ते स्कॉटलंडने १८४३ मध्ये पाहिले. जमीनदाराने नेमलेला पाळक मंडळीने मुकाट्याने घ्यावा का, या वादात साडेचारशेहून अधिक पाळक घर आणि पगार सोडून बाहेर पडले. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सनही त्यांच्या बाजूने गेले. बँकेची शाखा असे करू शकत नाही. मात्र बाहेर पडलेले ते लोक सुटे राहिले नाहीत. त्यांनी लगेच नवी महासभा भरवली. कोल्हापूरचे मिशनरी वाइल्डर १८६१ पासून स्वतंत्रपणे मिशन चालवत होते, त्यांनीही १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे दिले.

'डिनॉमिनेशन'ला 'संप्रदाय' म्हणा. सम्, प्र आणि दा: नीट हाती सोपवलेले. 'पंथ'ही चालेल, कारण त्यात सिनॉडमधला रस्ता आहे. गावातली ती 'मंडळी', आणि नाते सांगायचे तर 'अमुक संप्रदायातली मंडळी' असे लिहा.