गर्दी दारात, खोळंबा तव्यावर

प्रश्न : ताई, गोव्यात फोंड्याला आमची ३२ खुर्च्यांची खानावळ आहे. दुपारी एक वाजला की दारात माणसं ताटकळतात, काही कंटाळून निघून जातात. जादा आचारी घेतला, तरी फरक नाही. मासळीही कधी उरते, कधी दीडलाच संपते. आणखी एक वाढपी ठेवावा का?

उत्तर : नको. आधी एक दुपार गल्ल्यावरून उठा आणि आत जाऊन बघा, ताट कशासाठी अडलंय. म्हापशाला माझ्या खानावळीत हुमण (माशाचं कालवण), भात, सोलकढी वाढून ताटं ओळीनं तयार असायची आणि तळलेल्या तुकड्यासाठी खोळंबायची. तुमच्याकडेही तेच असणार, असं मला वाटतं.

हिशेब करून बघा. तव्यावर सहा तुकडे मावतात आणि घाणा उतरायला दहा मिनिटं लागतात असं धरू. तासाला ३६ तुकडे झाले. प्रत्येकाला तुकडा हवा असेल तर तासाला ३६ माणसंच जेवून उठणार, मग आचारी दोन असोत की चार. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांचा एक नियम सिद्ध केला: आत बसलेली माणसं भागिले तासाला बाहेर पडणारी, की प्रत्येकाचा मुक्काम निघतो. ३२ भागिले ३६, म्हणजे जवळजवळ ५३ मिनिटं! जेवायला लागतात वीस-पंचवीस. बाकीचा वेळ आतला माणूस तव्याची वाट बघतो आणि बाहेरचा त्याच्या खुर्चीची. नवा वाढपी ऑर्डरी लवकर आत नेईल, तव्यापुढची रांग तेवढी वाढेल.

इसवणाचा (सुरमईचा) जाड तुकडा आणि छोटा बांगडा एकाच घाण्यात टाकू नका. बांगडा झाला तरी इसवणासाठी जागा अडवून बसतो. तुकडे एकसारख्या जाडीचे कापून घ्या. मीठ-मसाला बाराच्या आत लावून ठेवा, रवा मात्र तव्यावर टाकतानाच लावा, नाहीतर तो ओला होऊन सुटतो. एवढ्यानं भागलं नाही तर दुसरा तवा मांडा आणि जादा आचाऱ्याला तिथं उभा करा.

आता मासळी. आज उरली म्हणून उद्या कमी आणायची, ती लवकर संपली की परवा जास्त. हा हेलकावा खरेदीतूनच येतो. किती उरली एवढंच लिहू नका, किती वाजता संपली तेही लिहा, आणि सोमवारची तुलना सोमवारशीच करा. वर्षाचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा खाणारे असतात पण मासळी महाग. ऑगस्टात बोटी सुटतात, तर श्रावणामुळे आपल्या कितीतरी घरांत मासळी बंद. गेल्या महिन्याचा अंदाज या महिन्याला लावला की दोन्हीकडे फसतो.

बंदीच्या दिवसांसाठी घरच्यासारखंच मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरा. सुकी सुंगटं (कोळंबी) सकाळीच भाजून ठेवली की त्यांची कोशिंबीर, किसमूर, आयत्या वेळी कालवता येते, आणि दुपारी तवाही मोकळा राहतो.