टॉमकॅट (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) चालू आहे, वॉर (ॲपची पॅक केलेली फाइल) डिप्लॉय झालीये, तरी ॲप्लिकेशन ४०४ (पान सापडलं नाही) देतंय. कॉन्फिगरेशनमधली चूक शोधायची कशी?

तुम्ही लिहिलंय की सर्व्हर.एक्सएमएल (टॉमकॅटची मुख्य सेटिंगची फाइल) तीनदा बदलून बघितली, ब्राउझरला ४०४च येतोय, लॉगमध्ये "नेहमीच्या वॉर्निंग सोडून काही नाही", आणि सीनियर म्हणतायत की सगळं काढून टॉमकॅट नव्याने टाक. शेवटचं तर अजिबात करू नका. नव्या टॉमकॅटमध्ये तुम्ही तीच वॉर आणि तीच कॉन्फिग टाकणार, मग वेगळं काय होणारे?

पण मी लिहायला बसले ते त्या "नेहमीच्या वॉर्निंग"मुळे. हे शब्द मी एका माणसाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेत की आता कुणीही म्हटलं तरी डोकं फिरतं. राग तुमच्यावर नाहीये, पण ऐकून घ्या.

लॉकडाउनच्या आधीची गोष्ट. ऑफिस महापेला, म्हणजे ठाण्याहून ट्रान्सहार्बर, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. क्लायंट उरणकडचा एक सीएफएस, म्हणजे कंटेनरचं गोदाम, पोर्टातून कंटेनर तिथे येतात आणि कस्टम क्लिअर झाले की ट्रेलरवर चढून बाहेर पडतात. आमचं ॲप गेटपासचं. ऑपरेटरने कंटेनर नंबर टाकायचा, सिस्टीम बघणार पैसे भरलेत का, कस्टमचं आउट ऑफ चार्ज (माल सोडायची परवानगी) आलंय का, आणि पास छापणार. पास नाही तर गेट उघडत नाही, साधा हिशोब. टॉमकॅट ७ वर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालू होतं. मग ऑडिटवाल्यांनी शेरा मारला की हे जुनं झालंय (पुढे मार्च २०२१ ला ७ चा सपोर्ट बंदच झाला, म्हणजे ऑडिटवाले बरोबर होते), म्हणून शनिवारी रात्री ९ वर नेलं. रविवार छान गेला. सोमवारी संध्याकाळी गेटवरून फोन.

गेटचे सुपरवायझर होते, पन्नाशीचे, एरवी शांत माणूस. "अहो मॅडम, तुमचं ते चक्र नुसतं फिरतंय, पास काही निघत नाही, मी हाताने लिहायला घेऊ का?" त्यांच्या ड्रॉवरमध्ये जुनं कार्बन लावायचं पासबुक होतं, ते बाहेर निघायचं. मागे ट्रेलरवाले हॉर्नवर हात ठेवून बसलेले, फोनवर निम्मं ऐकूच यायचं नाही. टॉमकॅट रिस्टार्ट केला की एकदम झकास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तेच.

आता आमचे लीड. माणूस म्हणून वाईट नव्हते, डबा शेअर करायचे, पण प्रत्येक आजारावर त्यांचं औषध एकच, मेमरी. मंगळवारी मशीनची रॅम १६ ची ३२ जीबी करून घेतली. मी म्हटलं सर, सेटएन्व्ह फाइलमध्ये एक्सएमएक्स, म्हणजे जावाच्या मेमरीची मर्यादा, २ जीबीच लिहिलंय, जावाची हीप त्याच्या पुढे जाणारच नाही. म्हणजे घर मोठं घेतलं आणि झोपतोय त्याच चटईवर. तर म्हणाले तू आधी एरर शोध. एरर नव्हतीच ना! सीव्हियर म्हणून ग्रेप करा, म्हणजे लॉगमध्ये तो शब्द शोधा, रिकामं. एक्सेप्शन म्हणून ग्रेप करा, रिकामं. मी म्हटलं वॉर्निंग वाचूया, तर सगळ्या टीमसमोर, "अगं वॉर्निंग नेहमीच्याच असतात, त्या वाचत बसलीस तर रिटायर होशील." दोघं-तिघं हसले पण. आणि मग त्यांनी क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप करणारा) लावला, दर दोन तासांनी रिस्टार्ट, आणि क्लायंटला मेल गेला की "प्रिव्हेंटिव्ह रिस्टार्ट" सुरू केलाय. त्या वेळी ज्या ऑपरेटरचा पास अर्धा झालेला असेल त्याचं काय, तर त्याने परत भरायचा.

मला एकच गोष्ट खटकत होती. ॲप लटकलेलं असताना सीपीयू निवांत होता, दोन-तीन टक्के. मेमरी पण निवांत. मेमरी संपली असती तर जीसीने (जावाची मेमरी साफ करणारी यंत्रणा) सीपीयू खाल्ला असता किंवा आउट ऑफ मेमरी तरी पडलं असतं. सगळं निवांत असूनही पान उघडत नाही याचा अर्थ थ्रेड, म्हणजे एकेक विनंती हाताळणारे कामगार, कशाची तरी वाट बघत बसलेत. मग मी सुपरवायझरना सरळ सांगितलं की पुढच्या वेळी लटकलं की आधी मला फोन करा, रिस्टार्टच्या आधी मला थोडा वेळ द्या. ते म्हणाले घ्या, पासबुक आहेच.

फोन आला, मी प्रोसेसला किल मायनस ३ मारलं. याने प्रोसेस मरत नाही, थ्रेड डंप, म्हणजे कुठला थ्रेड कुठे उभा आहे त्याची यादी, कॅटलिना.आउट या टॉमकॅटच्या लॉगमध्ये पडतो, हे तुम्हाला माहीत असेलच. डंप उघडला तर एक्झेक नावाचे सगळे थ्रेड एकाच ओळीवर उभे, पूलच्या (डेटाबेस कनेक्शनचा साठा) बॉरोऑब्जेक्टवर. सगळे डेटाबेस कनेक्शन मागतायत आणि कुणालाच मिळत नाहीये. डीबीएला (डेटाबेस सांभाळणारा) विचारलं तुमच्याकडे आमची किती सेशन दिसतायत, म्हणाला आठ. मी म्हटलं आठ कशी, ॲपच्या सेटिंगच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये ६० लिहिलेत. तो म्हणाला मला जे दिसतंय ते सांगितलं.

मग कॅटलिना.आउटमध्ये वर गेले, रिस्टार्ट झाल्यापासूनची पहिली ओळ गाठली आणि तिथून खाली एकेक ओळ वाचत आले. आणि ती होती. वॉर्निंग. मराठीत सांगायचं तर (मॅक्सअ‍ॅक्टिव्ह म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन, डीबीसीपी-२ म्हणजे ती वाटणारा पूल), "डीबीसीपी-२ मध्ये मॅक्सअ‍ॅक्टिव्ह वापरत नाहीत, मॅक्सटोटल वापरा. मॅक्सटोटलची डिफॉल्ट व्हॅल्यू ८ आहे. तुम्ही दिलेलं ६० दुर्लक्षित केलं जातंय." खालच्याच ओळीत मॅक्सवेटचं तसंच, त्याच्या जागी मॅक्सवेटमिलिस पाहिजे आणि त्याचं डिफॉल्ट मायनस १, म्हणजे कनेक्शन मिळेपर्यंत थांबा, कितीही वेळ. टॉमकॅट ८ पासून आतला पूल डीबीसीपी-२ झाला आणि ही नावं बदलली, आम्ही ७ वरून थेट ९ वर गेलो आणि कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल तशीच उचलून ठेवली होती.

आता बघा काय होत होतं. संध्याकाळी गेटवर गर्दी, त्याच वेळी अकाउंट्सवाले दिवसभराचे रिपोर्ट काढायचे, एकेक रिपोर्ट कनेक्शन धरून बसायचा. आठ भरली की नववा ऑपरेटर थांबला, मग दहावा, आणि थांबायला मर्यादाच नाही म्हणून टाइमआउट नाही, टाइमआउट नाही म्हणून एक्सेप्शन नाही, एक्सेप्शन नाही म्हणून लीडना ग्रेपमध्ये काही दिसत नाही! असं करत करत टॉमकॅटचे डिफॉल्ट २०० थ्रेड भरले की लॉगिनचं पान सुद्धा उघडत नाही. अख्ख्या लॉगमध्ये या भानगडीचा पुरावा म्हणजे त्या दोन वॉर्निंग, त्या पण फक्त स्टार्टअपला येणाऱ्या.

फाइलमधली दोन नावं बदलली, रिस्टार्ट, डीबीएकडे सेशन वाढताना दिसली, संध्याकाळी फोन आला नाही. क्रॉन मी काढायला लावला. आणि क्लायंटला मेल काय गेला? "रॅम अपग्रेड आणि सर्व्हर ट्यूनिंगनंतर इश्यू रिझॉल्व्ह झाला आहे." आजही लीड कुठे भेटले की त्या प्रोजेक्टची आठवण काढतात आणि रॅमचंच सांगतात. म्हणून इथे लिहूनच ठेवते, रॅम मंगळवारी वाढली आणि त्यानंतरही गेट रोज संध्याकाळी अडकत होतं, क्रॉन लावल्यावर सुद्धा. ज्यांना पटायचं त्यांना पटेल.

तर तुमचं. स्टार्टअपच्या अगदी सुरुवातीच्या ओळी बघा, टॉमकॅट स्वतःच सांगतो त्याचं व्हर्जन काय, जावा कुठला, कॅटलिना होम (टॉमकॅट बसवलेला फोल्डर) कुठे, कॅटलिना बेस (त्याच्या सेटिंगचा फोल्डर) कुठे. सर्व्हर.एक्सएमएल तीनदा बदलून काडीचा फरक पडत नसेल तर माझी पहिली शंका हीच की तुम्ही एका फोल्डरमधली फाइल बदलताय आणि चाललाय दुसऱ्याच फोल्डरमधला टॉमकॅट. एक लिनक्सच्या पॅकेजमधून आलेला आणि एक कुणीतरी ऑप्टमध्ये झिप उघडून ठेवलेला, असे दोन नांदत असलेले सर्व्हर मी भरपूर बघितलेत. कॅटलिना बेस ज्या फोल्डरवर बोट दाखवतो तिथलीच सर्व्हर.एक्सएमएल खरी. आणि सर्व्हिस म्हणून सिस्टमडीमधून चालवत असाल तर तुमच्या बॅश प्रोफाइलमधलं जावा होम त्याला दिसत नाही, ते वेगळं द्यावं लागतं.

४०४ च्या बाबतीत, कॅटलिनाच्या लॉगमध्ये "वन ऑर मोर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट" किंवा "स्टार्टअप फेल्ड ड्यू टू प्रीव्हियस एरर्स" असं काही आहे का बघा. असेल तर तुमचं ॲप उभंच राहिलेलं नाही, वॉर नुसती उघडून पडलीये. याचं खरं कारण त्या फाइलमध्ये नसतं, शेजारच्या लोकलहोस्ट नावाच्या तारखेच्या लॉगमध्ये असतं. ती फाइल नवीन पोरं उघडतच नाहीत, आणि जुनी पण नाहीत. तिथे सगळ्यात खालचं "कॉज्ड बाय" वाचा.

तसं काही नसेल तर वॉरचं नाव बघा. मेव्हन (वॉर बनवणारं टूल) डिफॉल्टने नावाला व्हर्जन चिकटवतो, मग तुमच्या यूआरएलमध्ये पण ते व्हर्जन लागतं, आणि कॅपिटल-स्मॉल सुद्धा तसंच लागतं. पाथ बदलायचा म्हणून कॉन्टेक्स्ट टॅगमध्ये पाथ लिहून ठेवणारे लोक असतात, पण कॉन्फमधल्या कॅटलिना, त्यातल्या लोकलहोस्ट फोल्डरमध्ये ठेवलेल्या एक्सएमएलचं नाव हाच पाथ असतो. आणि त्या फोल्डरमध्ये तुमच्या ॲपच्या नावाची एखादी जुनी एक्सएमएल पडलेली असेल तर वॉरच्या आतली कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल वाचलीच जात नाही. तुम्ही आत कितीही बदल करा, बिल्ड करा, काही होणार नाही.

वर पूलचं जे सांगितलं त्यात एक भर. रिसोर्सच्या टॅगमध्ये फॅक्टरी म्हणून टॉमकॅटचा स्वतःचा जेडीबीसी पूल दिलेला असेल तर तिथे मॅक्सअ‍ॅक्टिव्हच बरोबर आहे, माझं वाचून बदलायला जाऊ नका. आणि लीडच्या बाजूने पण सांगते, ते रिपोर्ट कनेक्शन इतका वेळ का धरून बसायचे हा प्रश्न होताच, ती क्वेरी पुढे सुधारावी लागली. पण तो मुद्दा तेव्हा त्यांनीही काढला नव्हता.

आणि हो, हे आधीच विचारायला हवं होतं, व्हर्जन तुम्ही लिहिलेलंच नाही. टॉमकॅट १० किंवा पुढचा असेल आणि ॲप जुनं, म्हणजे कोडमध्ये जावाएक्स.सर्व्हलेट असेल, तर १० पासून तिथे जकार्ता.सर्व्हलेट लागतं. स्प्रिंग बूट २ ची (जावाएक्सवालं जुनं फ्रेमवर्क) वॉर १० वर टाकली की टॉमकॅट कसलीही तक्रार न करता चालू होतो, वॉर उघडतो, आणि ॲप सुरूच होत नाही, बाहेर नुसता ४०४. तुम्ही जे वर्णन केलंय ते याच्याशी बरंच जुळतंय. मग एकतर टॉमकॅट ९ वर चालवा, नाहीतर वॉर वेबॲप्सऐवजी वेबॲप्स-जावाईई नावाच्या फोल्डरमध्ये टाका, तो फोल्डर नसेल तर करा, टॉमकॅट स्वतःच बदलून वेबॲप्समध्ये ठेवतो. मोठ्या ॲपला दर वेळी हे जमेलच असं नाही, पण करून बघायला काही जात नाही.

व्हर्जन आणि लोकलहोस्टच्या लॉगमधलं ते "कॉज्ड बाय" इथे टाका, पासवर्ड काढून. आणि सीनियर ऐकतच नसतील, नव्याने इन्स्टॉल करायचंच असेल, तर निदान त्याआधी लॉग्जचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा.